लढाई चालू असलेल्या गावात घरचं पाणी कसं राखायचं?

अजवाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याचा. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंपावर काढली, आता निवृत्त आहे. दांडिया बाजारातलं घर वडिलोपार्जित. माडीवरची खोली शिकणाऱ्या मुलांना देतो. सध्या तिथे येमेनच्या तैझ गावचा एक मुलगा राहतो.

परवा रात्री तो ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "अंकल, आपने पानी का काम किया है ना?" त्याच्या आईच्या शेजारच्या घरात दोन मुलांना पाण्यासारखे जुलाब लागलेत. आई टँकरचं पाणी घेते. टँकरला ते 'वायत' म्हणतात आणि वीस लिटरच्या पिवळ्या कॅनला 'दब्बा'. शब्द ऐकून बरं वाटलं, आपल्या डब्याचाच भाऊ! तर त्या दब्ब्यात काय घालायचं, किती घालायचं, हे त्याला विचारायचं होतं.

मंडळी, मी जन्मभर क्लोरीनचा हिशोब लाखो लिटरवर केला. वीस लिटरच्या कॅनला किती, हे सांगताना माझी जीभ अडखळली. चुकीचं सांगून कसं चालेल? म्हणून इथे विचारतोय.

माझं मत मात्र आधीच मांडतो, पटत नसेल तर खोडा. लढाईतली रोगराई पहिल्यांदा पंपघरात शिरते. डिझेल संपतं, ऑपरेटरचा पगार थकतो, सुटा भाग येत नाही आणि मग जंतूला वाट मोकळी होते. २०१९ मध्ये युनिसेफने युद्धग्रस्त १६ देशांचा अहवाल काढला होता. लांबलेल्या लढायांत पंधरा वर्षांखालची मुलं गोळ्या-बाँबने जेवढी दगावतात, त्याच्या जवळजवळ तिप्पट घाण पाण्याच्या जुलाबांनी दगावतात, असं त्यात आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण तर वीसपटीच्याही वर. ते वाचल्यापासून मला झोप नीट लागत नाही.

कोठीपोळ (रात्री १०.०५)

काका, फार चांगला विषय. डोस मला माहीत नाही, पण त्याच्या आईला एवढं आजच कळवा, कॅनमध्ये हात किंवा पेला बुडवायचा नाही. आमची आजी माठाजवळ लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवायची आणि पेला बुडवला की फटका मिळायचा.

स्पष्टवक्ता (रात्री १०.३१)

आदर ठेवून असहमत. सगळं लढाईच्या माथी मारणं सोपं आहे. आपल्याकडे कुठे बाँब पडतात? तरी दर पावसाळ्यात गल्लीत कावीळ आणि गॅस्ट्रो असतोच. मूळ सवयींत आहे. शौचाहून आल्यावर हात न धुणं, उघड्यावर बसणं, शिळं खाणं. पंप चालू असला तरी हे बदलत नाही.

सिस्टर_सनावाली (रात्री ११.५०)

स्पष्टवक्ता भाऊ, तुमचं वाचलं आणि अंथरुणातून उठून लिहायला बसले.

मी २०१५ पर्यंत येमेनमध्ये, सनाला, एका इस्पितळात नर्स होते. एप्रिल २०१५ मध्ये ऑपरेशन राहतच्या, म्हणजे आपल्या सरकारने लढाईतून माणसं बाहेर काढली त्या मोहिमेच्या, विमानाने जिबूतीला आले, तिथून मुंबई आणि मग घरी. ती माणसं दिवसातून पाच वेळा नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका बिछान्यावरसुद्धा तांब्याभर पाणी मागून हात धुवायच्या. सवय होती हो. ते पाणी कुठलं, हा प्रश्न होता.

आम्ही निघालो तेव्हा इस्पितळाचा जनरेटर दिवसातले मोजके तास चालायचा. डिझेल आधी ऑपरेशन थिएटरला, मग उरलं तर गच्चीवरच्या टाकीच्या मोटरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुदैदा बंदरातल्या क्रेन हवाई हल्ल्यात मोडल्या. येमेन बहुतेक धान्य आणि इंधन बाहेरून आणतं, त्यामुळे बंदर लंगडं झालं की पंपही लंगडा.

पटकी (कॉलरा) ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली, हिवाळ्यात ओसरली आणि एप्रिल २०१७ च्या पावसानंतर नुसती उसळली. माझी तिथली मैत्रीण वॉर्ड सांभाळत होती. तिचे व्हॉइस मेसेज मी अजून पुसलेले नाहीत. आठ महिने पगार नाही, तरी रोज चालत ड्यूटीवर. कचरा उचलणाऱ्यांचाही पगार नाही, म्हणून त्यांनी संप केलेला, ढीग रस्त्यावर, त्यावर पाऊस आणि ते पाणी उतरून विहिरींत. वॉर्डात जागा उरली नाही म्हणून आवारातल्या झाडांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या.

पटकीची खाट बघितलीय का कुणी? मधोमध भोक, खाली बादली. बादलीत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. बादलीवर खुणा असतात, गेलं तेवढं मोजायचं आणि तेवढंच परत आत घालायचं. मोठा माणूस तासाला एक लिटर गमावू शकतो. सकाळी चालत आलेला संध्याकाळी ओळखू येत नाही, डोळे खोल, बोटं धोब्याच्या हातासारखी सुरकुतलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.

डिसेंबर २०१७ पर्यंत संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. एवढ्यांत मृत्यू दोन हजारांहून थोडे अधिक, म्हणजे हजारी दोन-तीन. बिनपगारी माणसांनी बादल्या मोजल्या, म्हणून आकडा तिथे थांबला.

सलाटवाडा (सोमवार, सकाळी ७.१५)

ताई, दंडवत. चहा हातात तसाच थंड झाला.

मायक्रोबाबा (सकाळी ८.०२)

सिस्टरताईंना नमस्कार. मात्र अजवाकाठ काकांच्या "पंप आधी, जंतू नंतर" याला थोडी दुरुस्ती सुचवतो. (मी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.)

डिझेल संपल्याने पटकी आपोआप होत नाही. जंतू कुठून तरी यावा लागतो. येमेनमधल्या जंतूचे जनुक वाचले गेले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आला, तो वाण पूर्व आफ्रिकेतून आलेला, त्याच्याही आधी दक्षिण आशियातून. म्हणजे आपल्याच भागातून फिरत गेलेला पाहुणा. माणसांबरोबर तो सगळीकडेच फिरतो. पाणी शुद्ध असलेल्या शहरात उतरला तर चार-दोघांना आजारी करून संपतो. पंप बंद, गटार फुटलेलं आणि पोरं अर्धपोटी असलेल्या शहरात उतरला की लाखो. शेवटी काकांच्याच मताजवळ येतो, पण जंतूला गोष्टीतून वगळू नका.

आणि फक्त पटकीच बघू नका. २००४ मध्ये सुदानमधल्या दार्फूरच्या छावण्यांत हेपॅटायटिस ई, म्हणजे पाण्यातून येणारी कावीळ पसरली. गरोदर बायकांना ती सर्वांत जास्त मारते. वेगळा रोग, वाट तीच.

अजवाकाठ (सकाळी ९.२०)

बाबा, दुरुस्ती मान्य. आता स्पष्टवक्ता यांच्या "आपल्याकडे कुठे बाँब पडतात" यावर पंपवाल्याच्या बाजूने थोडं लिहितो.

जमिनीखाली पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन बहुधा शेजारीशेजारी असतात. दोन्ही जुन्या, दोन्हींचे जोड झिरपतात. पाण्याच्या लाइनला प्रेशर असेपर्यंत पाणी फटीतून बाहेर येतं, आतलं आत स्वच्छ राहतं. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते, ओढ उलटी लागते आणि भोवतीची ओल, मैल्यासकट, आत खेचली जाते. पुढच्या पाळीचं पहिलं पाणी पिवळट, वास मारणारं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर विचारूच नका, ती मोटर शेजारच्याचं पाणी ओढते आणि गटारही ओढते.

आपल्याकडे दिवसातून एकदा पाणी येतं, म्हणजे हा खेळ रोज एकदा चालतो. क्लोरीन असतो म्हणून बहुतेक दिवस निभतं. आता अशी लाइन धरा की जी आठवडेच्या आठवडे रिकामी आहे, वरून स्फोटांनी जमीन हादरलीय आणि क्लोरीनचा सिलिंडर नाक्यावर अडवलाय. १९९१ च्या इराकमध्ये हेच झालं. बाँब वीजकेंद्रांवर पडले, वीज गेल्यावर जलशुद्धीकरण आणि मैलापाण्याचे पंप दोन्ही थांबले, मैला नदीत आणि नदीचं पाणी घरात. नंतर निर्बंधांमुळे क्लोरीन आणि सुटे भाग मिळणं वर्षानुवर्षं अवघड राहिलं. लढाई दीड महिन्यात संपली, जुलाब कित्येक वर्षं चालले.

म्हणून सवयींचा दोष मला सगळ्यांत शेवटी आठवतो.

स्पष्टवक्ता (सकाळी १०.११)

लाइनची उलटी ओढ मला खरंच माहीत नव्हती. सिस्टरताईंचं वाचून माझं वाक्य मलाच बोचलं. हात धुण्याचं महत्त्व मी सोडत नाही, पण "मूळ सवयींत" हे मागे घेतो.

(घरची मोटर नळालाच जोडलेली आहे. आज प्लंबरला बोलावतो. आधी खालची टाकी भरेल, मोटर टाकीतून वर चढवेल.)

सुरसागर (सकाळी ११.३०)

स्पष्टवक्ता यांना पहिला लाडू माझ्याकडून!

पाण्याचा विषय आणि वडोदरा म्हणजे २०२४ च्या ऑगस्टचा पूर निघणारच. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर, धोक्याची खूण २६ ची. आमच्या सोसायटीत तीन दिवस कमरेएवढं पाणी, मगर बघायला पोरं गॅलरीत आणि पोरांना ओढायला आया मागे. सोसायटीची जमिनीखालची टाकी गटाराच्या पाण्याने भरली ती वेगळीच.

पाणी उतरल्यावर आम्ही ओआरएसची पाकिटं वाटली. दुसऱ्या दिवशी एका घरी गेलो तर आई बाळाला पाजतेय आणि बाळ तोंड फिरवतंय. तिने एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं! औषध जितकं दाट तितकं गुणकारी असा समज. इतकं खारट-गोड पाणी बाळाला उलट जास्त कोरडं करतं. त्या दिवसापासून आम्ही पाकिटाबरोबर एक लिटरची रिकामी बाटलीही देतो, खुणेसह.

आणि दुकानात मिळणारं 'ओआरएस'सारखं दिसणारं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त असते, जुलाब वाढतात.

बावन्नचा_जन्म (दुपारी १.४५)

ओआरएस निघालंच आहे तर १९७१ सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे औषध लढाईनेच सिद्ध केलंय आणि आपल्या देशात.

पूर्व पाकिस्तानातून लोंढे आले, बनगावच्या सीमेवर पटकी. डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले तेव्हा इस्पितळाच्या दोन खोल्यांत जमिनीवर माणसं पडलेली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. साखर-मीठ-सोड्याचं पाणी तोंडाने पाजायचं ज्ञान होतं, पण ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावं असा दंडक होता. त्यांनी कोलकात्यात पाकिटं भरून घेतली. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पिशव्यांची तोंडं कपड्यांच्या गरम इस्त्रीने चिकटवली. पिंपात कालवून तोटीने पाणी वाढलं आणि पाजायचं काम आया, बहिणी, भाऊ यांच्यावर सोपवलं. मृत्यू शेकडा तीसच्या घरात होते ते चारच्याही खाली आले.

२०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर. जिवंतपणी द्यायला हवा होता, हे मी कुठेही ठासून म्हणेन.

खंडेराव_मार्केट (दुपारी ४.२०)

मी तरुण इंजिनिअर आहे, सुदानवर जरा लिहितो, कारण हे येमेनवर संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोस्तीजवळच्या वीजकेंद्रावर ड्रोनहल्ला झाला. पंप बंद. लोकांनी गाढवगाड्यांवरून थेट श्वेत नाइलचं पाणी आणलं आणि थोड्याच दिवसांत पटकीने वॉर्ड भरले. मे महिन्यात खार्तूममध्ये तोच क्रम. वीज, पंप, नदी, वॉर्ड. काकांचं पहिलं वाक्य इथे अक्षरशः लागू पडतं.

एक प्रश्न. आपल्या अजवा तलावाचं पाणी मूळ योजनेत उताराने शहरात येत होतं ना? सयाजीराव महाराजांनी १८९२ मध्ये ते आणलं तेव्हा विजेचा पंप कुठे होता?

अजवाकाठ (सायंकाळी ६.०५)

बरोबर. तलाव उंचावर, शहर खाली, पाणी आपल्या पायांनी येणार. आता शहर वाढलं, महीकाठच्या विहिरींचं पाणी येतं, ते पंपाशिवाय येत नाही. नोकरीत असताना वीज गेली की मला तो जुना उतार आठवायचा. सगळ्या गावांना असा तलाव मिळत नाही, पण जिथे उतार आहे तिथे तो वापरात ठेवणं हे मी संरक्षणाच्या खर्चात धरीन.

पाणीगेटचा_पाहुणा (सायंकाळी ७.३०)

सगळे पंपांबद्दल बोलताय, पंप फोडणाऱ्यांची नावं कुणी घेत नाही. बाँब कुणाचे, शस्त्रं कुणी विकली?

संपादक (सायंकाळी ७.५२)

कोणत्या बाजूचं बरोबर, हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्यावा. पाण्याच्या सोयींवर हल्ला, हा मुद्दा याच विषयातला आहे, तो जरूर मांडा.

बावन्नचा_जन्म (रात्री ८.४०)

मग मांडतोच. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराचं ५४ वं कलम आहे. पिण्याच्या पाण्याची ठिकाणं, साठे, कालवे ही नागरिकांच्या जगण्याची साधनं म्हणून मोडू नयेत, असं ते सांगतं. २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेनेही याच अर्थाचा ठराव केला. आणि तरी जून २०१८ मध्ये येमेनमध्ये अब्सला पटकीवरच्या उपचारांसाठी बांधलेलं नवं केंद्र हवाई हल्ल्यात पडलं. सुदैवाने रुग्ण अजून आत आले नव्हते. कायदा आहे, दाद मागायची कुठे, हे कळत नाही. राग येतो.

सलाटवाडा (रात्री ९.००)

लस नाही का पटकीवर? ती द्यावी ना सरळ.

मायक्रोबाबा (रात्री ९.२५)

आहे, तोंडाने घ्यायची, दोन मात्रांची. येमेनमध्ये पहिली मोहीम मे २०१८ मध्ये एडनला झाली, साथ भडकून वर्ष उलटल्यावर. जगात साठाच इतका कमी की २०२२ पासून साथीच्या जागी दोनऐवजी एकच मात्रा देतात. लस हवीच, पण ती पंपाची जागा घेत नाही.

कोठीपोळ (रात्री ९.४०)

मंडळी, चर्चा सुंदर चाललीय, पण काकांच्या माडीवरचा मुलगा उत्तराची वाट बघतोय! दब्ब्यात किती घालायचं, ते कुणी सांगेल का?

मायक्रोबाबा (रात्री १०.१०)

खरंच, चुकलं. घ्या.

कपडे पांढरे करायचं साधं द्रव ब्लीच, पाच टक्क्यांच्या आसपासचं, वासाचं किंवा साबण मिसळलेलं नको. लिटरला दोन थेंब, म्हणजे वीस लिटरच्या दब्ब्याला चाळीस थेंब. ढवळा, झाकण लावा, अर्धा तास थांबा. क्लोरीनचा किंचित वास आला पाहिजे. वास नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घाला आणि आणखी थोडा वेळ थांबा.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि कापडातून गाळा. गाळात क्लोरीन फुकट जातो. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकी निम्म्याच्या आसपास कमी झाली, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालंय. नव्यापेक्षा वापरून मऊ झालेली साडी बरी, धागे फुगून छिद्रं बारीक होतात. पण नुसतं गाळून भागत नाही, थेंब हवेतच.

कोठीपोळ (रात्री १०.२२)

आमचं गरणं, पाणी गाळायचं फडकं! आजी रोज संध्याकाळी ते धुऊन उन्हात टाकायची आणि ज्या बाजूने गाळलं ती बाजू कधी उलटू द्यायची नाही. मला ते सोवळं वाटायचं.

सिस्टर_सनावाली (रात्री १०.४८)

माझी भर. कॅन आतून महिनोन्‌महिने धुतलेला नसतो, आधी तो धुवा. अरुंद तोंडाचाच कॅन पिण्याला ठेवा, ओतून घ्या. ब्लीचची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी आणि उन्हाबाहेर, उन्हात त्याचा जोर जातो.

आणि शेजारच्या त्या दोन मुलांचं काय? पाकीट मिळत नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ मोजून. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सुस्ती आली, लघवी थांबली, डोळे खोल गेले तर घरी वेळ घालवू नका, असेल त्या दवाखान्यात. हे अरबीत लागलं तर मला निरोप टाका, बोलून पाठवते.

अजवाकाठ (पुढचा रविवार, रात्री ८.१५)

मंडळी, सगळ्यांचे आभार मानून संपत नाहीत. सिस्टरताईंनी अरबीत बोलून पाठवलेला निरोप मुलाने आईला लावून दाखवला. तिने विचारलं म्हणे, ही सनाची बाई तुझ्या घरमालकाच्या ओळखीची कशी?

शेजारची दोन्ही मुलं बरी आहेत, धाकट्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ब्लीच मिळालं. बाटलीवर टक्केवारी पुसट होती, म्हणून मायक्रोबाबांच्या सांगण्याप्रमाणे वासावर ठरवलं, पहिल्या दिवशी दोनदा घालावं लागलं. पाणी आता आईच्या जुन्या ओढणीच्या चार घड्यांतून गाळतात.

काल रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ऐकला. मुलाची आई, म्हणजे आजी, बाटली धरून एकेक थेंब सोडतेय आणि सहा वर्षांची नात मोठ्याने मोजतेय. वाहिद, इथ्नैन, थलाथा... सव्विसाव्यावर बाहेर काहीतरी धडाडलं. नात थांबली. आजी शांतपणे काहीतरी म्हणाली. मुलाने मला अर्थ सांगितला, "आकडा विसरलीस? मग हा दब्बा झाडांना. दुसरा आण, पहिल्यापासून मोज."

आणि पोरीने पुन्हा सुरू केलं, वाहिद, इथ्नैन... चाळीसपर्यंत.